शंभर मीटरच्या आत : रंगभवन आणि मुंबईचे रॉक बँड

'रंगभवनची गल्ली' म्हटलं की बहुतेकांना २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते. कामा हॉस्पिटलला लागून असलेल्या त्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे कितीतरी दिवस टीव्हीवर 'रंगभवन लेन' हे नाव येत राहिलं आणि ज्यांनी धोबीतलाव कधी पाहिलं नव्हतं त्यांनाही ते पाठ झालं. माझ्या वयाच्या बऱ्याच पोरांना मात्र ही गल्ली त्याआधीपासून पाठ होती. तिथं दर ऑगस्टमध्ये रांग लागायची. काळे टी-शर्ट, भिजलेले कॅनव्हासचे बूट, आणि रांगेच्या टोकाला कुणीतरी हमखास विचारायचं, "आत काय, नाटक आहे का?"

नाटक नसायचं. आत 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक बँडांचा दरवर्षीचा महोत्सव असायचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'आय-रॉक'. रंगभवन हे खुलं नाट्यगृह. ते बंद पडलं आणि शहरातल्या बँडांची घडी विस्कटली. कुठे, कशी आणि किती, तेवढंच एक प्रकरण इथे मांडतोय.

आधी माझी जागा सांगतो. मी वादक नाही. माझ्या मामाचा लालबागला स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. गणपती, लग्नं, ऑर्केस्ट्रा, लावणीचे खेळ, प्रचारसभा, जे येईल ते. अकरावीपासून मी त्याच्या हाताखाली वायरी गुंडाळल्या. रंगभवनमध्ये कधीकधी मोठ्या साउंडवाल्याला स्पीकरचे कॉलम कमी पडायचे, तेव्हा मामाचे जायचे आणि कॉलमांबरोबर मी. त्यामुळे हे सगळं मी स्टेजच्या मागून पाहिलंय. समोर उभं राहून पाहणाऱ्यांच्या आठवणी जास्त सुंदर असतील.

धोबीतलावच का?

नकाशा काढून बघा. एका बाजूला मरीन लाइन्स, दुसऱ्या बाजूला व्हीटी. म्हणजे विरारचा पोरगा आणि कल्याणचा पोरगा, दोघेही पासावर येणार आणि दोघांनाही दहा-बारा मिनिटं चालायचं. शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, जिथं ऑगस्टमध्येच 'मल्हार' हा कॉलेजचा महोत्सव भरतो. चौकात फुर्ताडोचं वाद्यांचं दुकान. तिथं काचेआडची गिटार बघायला आलेल्या पोरांत विकत घेणारे किती आणि नुसते बघणारे किती, हे दुकानदार चेहऱ्यावरून ओळखायचे. आणि जेर महालात गोवेकरांचे कूड. गावागावाच्या नावाने चालणारे हे क्लब. बोटीवरच्या नोकरीसाठी किंवा हॉटेलातल्या बँडात वाजवायला मुंबईत आलेला गोव्याचा माणूस आधी तिथं पेटी टेकवायचा. हिंदी सिनेमातल्या वाद्यवृंदाला ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि व्हायोलिन पुरवणारी कितीतरी माणसं याच परिसरात वावरली. रॉक यायच्या आधीपासून ही वस्ती संगीताची होती.

या सगळ्याच्या मध्ये रंगभवन. सरकारी मालकीचं, उघड्यावरचं, डोक्यावर छप्पर नाही. १९७८ मध्ये पहिली 'जॅझ यात्रा' इथं झाली, सॅक्सोफोनवाले सनी रोलिन्स आले होते. १९८० च्या मार्चमध्ये 'द पोलिस' हा इंग्लंडचा बँड इथं वाजवून गेला. पुढे याच जागेचा आवाज बंद करायला खरे पोलीस आले, हा विनोद जुन्या मंडळींनी इतका घासलाय की आता हसू येत नाही.

१९८६ मध्ये फरहाद वाडियांनी आय-रॉक सुरू केलं. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात, छप्पर नसलेल्या जागी. शहाण्या माणसाने असा बेत केला नसता.

ओठाला बसणारा शॉक

एक संध्याकाळ सांगतो. वर्ष १९९६ च्या आसपासचं. दुपारभर पाऊस होता, चारला थांबला. एका बँडचा गायक स्वतःच गिटार वाजवायचा. त्याने माइकला ओठ लावले आणि "आई गं!" म्हणून मागे उडाला. आतापर्यंत तो आमच्याशी फक्त इंग्रजीत बोलत होता. आम्ही मागे हसून लोळलो. मामा हसला नाही. तो उठला, गिटारच्या अ‍ॅम्पची वायर कुठून घेतलीय ते बघितलं आणि माझ्या डोक्यात टपली मारली.

भानगड अशी होती : गिटारचा अ‍ॅम्प एका बोर्डावर, माइकचा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर. दोन्हींचं अर्थिंग वेगळं. वादकाची बोटं तारांवर, म्हणजे अ‍ॅम्पच्या अर्थिंगवर. ओठ माइकच्या जाळीवर, म्हणजे मिक्सरच्या अर्थिंगवर. दोन अर्थिंगमध्ये फरक असला की तो फरक माणसाच्या अंगातून जातो, आणि अंग ओलं असलं की जोरात जातो. मामाने दोन्ही वायरी एकाच बोर्डावर आणल्या आणि माइकवर गादीतला स्पंज दोऱ्याने बांधला. दोन मिनिटांचं काम. गायकाने दोन्ही हात जोडून "थँक यू काका" म्हटलं. मामा मला म्हणाला, "पोरगा चांगल्या घरचा दिसतो. मग एवढा ओरडतो कशाला?"

त्या दिवशी ड्रमसेट एकच होता, सगळ्या बँडांना मिळून. पण प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर, आपल्या झांजा आणि आपलं पेडल पिशवीतून घेऊन यायचा. एक बँड उतरला की दुसरा चढेपर्यंत पाच-सात मिनिटं. तेवढ्यात जुन्या झांजा काढायच्या, नव्या चढवायच्या, स्टँडची उंची बदलायची. त्या वेळात समोरचं पब्लिक काय काय बोलायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्या बोलण्याने बँड शिकायचे. गिटार सुरात लावायला जो तीन मिनिटं घ्यायचा त्याला पुढच्या वर्षी तीस सेकंद पुरायचे. घरच्या गच्चीवर, मित्रांसमोर वाजवून हे येत नाही.

मामाचं मत विचाराल तर त्याला यातलं एकही गाणं आवडलं नाही. ड्रमरांबद्दल मात्र तो म्हणायचा, "आपल्या ताशावाल्यांपेक्षा बरे. निदान मोजून मारतात." ताशावाल्यांनी राग धरू नये; मामाचं पाच मंडळांचं बिल तेव्हा थकलेलं होतं.

आधीचे लोक

मुंबईचं रॉक आय-रॉकपासून सुरू झालं असं समजणारे खूप आहेत. त्याच्या वीस वर्षं आधी इथं 'द जेट्स', 'द सॅवेजेस' असे 'बीट ग्रुप' होते. सिमला सिगारेटच्या नावाने बीट ग्रुपांची देशभर स्पर्धा व्हायची. तिच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात. सिगारेटच्या जाहिरातीच्या पैशातून का होईना, भारतातल्या कॉलेजकुमारांचे आवाज तबकडीवर उतरले. १९७२ मध्ये लेड झेपलिन या इंग्लिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले तेव्हा कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्या क्लबात जाऊन इथल्या पोरांबरोबर वाजवून गेले. त्यानंतर 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' आला. त्यांची तबकडी १९८१ मध्ये निघाली आणि इथं फारशी कुणी ऐकली नाही.

या सगळ्यात मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं एक नाव नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. म्हणजे घरात मराठी रंगभूमी, आणि पोरगा सॅवेजेससारख्या बँडात गाणारा. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी जुडास गायला. चार वर्षांनी पु. ल. देशपांड्यांचा 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांनी उभा केला, त्यातही ते होते. कुलाब्याच्या क्लबापासून थिएटर अकॅडमीच्या तालमीपर्यंत एकाच गळ्याने केलेला हा प्रवास. रॉक म्हणजे वांद्रे-कुलाब्याच्या इंग्रजी पोरांचं खूळ, असं कुणी म्हणालं की मी भेंड्यांचं नाव काढतो. २०१४ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्यावर मराठीत जेवढं लिहून यायला हवं होतं त्याच्या पावही आलं नाही.

आणि मग 'रॉक मशीन'. १९८४ मध्ये सुरू झालेला बँड. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. तेव्हाचं पब्लिक आपलं गाणं वाजवणाऱ्याला ऐकून घ्यायचं नाही. त्याला परदेशी बँडांचंच हवं : आयर्न मेडन हवं, डीप पर्पल हवं, कॅसेटवर आहे तसंच, सोलोमधला एक सूरही इकडचा तिकडे चालायचा नाही. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आयर्न मेडन भारतात पहिल्यांदा आलं २००७ मध्ये, तेही बंगळूरला. तोपर्यंत इथल्या पोरासाठी मेडन म्हणजे रंगभवनच्या स्टेजवर वाजवणारा डोंबिवलीचा किंवा माहीमचा कुणीतरी. त्या पब्लिकसमोर रॉक मशीनने स्वतःची गाणी वाजवली आणि लोकांना ती पाठ करायला लावली. १९८८ आणि १९९० मध्ये दोन अल्बम काढले. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं आणि तबला, सारंगी यांना जागा दिली. १९९७ मध्ये बँड फुटला.

माझ्या मते रंगभवनची सगळ्यात मोठी कमाई हीच. लोकांना नवीन गाणं ऐकायची सवय तिथं लागली. ती एका रात्रीत लागली नाही, दर ऑगस्टला थोडी थोडी लागली, कारण दरवर्षी तेच लोक त्याच जागी यायचे आणि मागच्या वर्षी शिव्या घातलेलं गाणं यंदा ओळखायचे. पेंटाग्राम आणि झिरो हे पुढचे बँड आले तेव्हा त्यांना हे तयार पब्लिक मिळालं. पेंटाग्रामचा विशाल दादलानी आज टीव्हीवर परीक्षक म्हणून दिसतो. २००५ मध्ये हा बँड इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आला. झिरोचा गिटारवाला वॉरन मेंडोन्सा नंतर 'ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज' या नावाने वाजवू लागला. एकदा ऐका. इतकं कमी वाजवून इतकं सांगणारा गिटारवादक आपल्याकडे विरळा.

पन्नास डेसिबल

ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० मध्ये. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या सभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र. तिथं दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. ध्वनिवर्धकच नव्हे, ढोल-ताशा वाजवणं किंवा कर्णा फुंकणं हाही तिथं गुन्हा.

आता रंगभवनच्या गेटवर उभे राहा. एका हाताला झेवियर्स, मागे कामा, रस्ता ओलांडून पलीकडे जीटी हॉस्पिटल, आझाद मैदानाच्या अंगाला किल्ला कोर्ट. तिन्ही प्रकार एकाच ठिकाणी. दोन माणसं चहा पीत साध्या आवाजात बोलली तरी ६० डेसिबलच्या आसपास जातात. माइक न लावलेला ड्रमसेट जवळून शंभरच्या पुढे, आणि या मापात दहाने वाढ म्हणजे ऊर्जा दसपट. थोडक्यात, आवाज कमी करून भागण्यातलं हे प्रकरण नव्हतं. रॉक तर सोडाच, माइक लावून भाषणाची स्पर्धाही तिथं नियमात बसत नव्हती.

२००३ च्या सुमारास न्यायालयात शांतता क्षेत्रांचा विषय लावून धरला गेला, अंमलबजावणी कडक झाली आणि रंगभवनचा आवाज बंद झाला. शिवाजी पार्कवर हीच पाळी पुढे २०१० मध्ये आली तेव्हा राजकीय पक्षांनी आरडाओरडा केला. रंगभवनच्या वेळी ओरडणारं कुणी नव्हतं. सणासुदीला वर्षातले १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देण्याची सोय २००२ मध्ये नियमांत घातली गेली. रॉकवाल्यांचा ना सण, ना मंडळ, ना वॉर्डात मतं.

तरी नियम चुकला असं मी म्हणणार नाही. काही वर्षांनी माझ्या बहिणीचं बाळंतपण झालं, तेव्हा हॉस्पिटलच्या खाली रस्त्यावर एका मंडळाचा डीजे रात्री साडेअकरापर्यंत दणाणत होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, ती कुशीवर वळून कानावर उशी दाबून पडली होती. जन्मभर कॉलम वाहिलेला मामा खाली जाऊन त्या पोरांशी भांडला. "तुझाच धंदा ना हा?" असं एकाने विचारलं. मामा म्हणाला, "म्हणूनच सांगतोय."

चूक दुसरीकडे झाली. जागा बंद केली ती सरकारची होती. बदल्यात दुसरी द्यायला हवी, असं कुणाच्या मनात आलं नाही. स्टेशनाजवळची, परवडणारी, जिथं सोळा वर्षांचा पोरगाही जाऊ शकेल अशी एक जागा. दगडी भिंतीचं, छप्पर घातलेलं सभागृह केलं असतं तरी चाललं असतं. पुढे मराठी भाषा भवन रंगभवनच्या जागेवर उभं करायचं ठरलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं; निदान कुणीतरी तिथं काहीतरी बोलेल. तेही झालं नाही. भाषा भवन चर्नी रोडला गेलं, २०२२ च्या गुढीपाडव्याला तिथं भूमिपूजन झालं.

फांद्या

बँड संपले नाहीत. हे मुद्दाम लिहितोय, कारण जुने लोक 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणून मोकळे होतात. संख्येने बघितलं तर बँड वाढले, आणि हाताने तर आधीच्यांपेक्षा कितीतरी पुढे गेले. पण ते विखुरले.

आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेलं. विरारवाल्याला सोपं, कल्याणवाल्याला दादरला गाडी बदलून अर्धा दिवस. काही बँड पबांत गेले. लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' उघडलं. मुंबईत त्याच्याइतका स्वच्छ आवाज मी दुसरीकडे ऐकला नाही. हे साउंडवाला म्हणून बोलतोय. पण पब म्हटला की दारू आली, दारू आली की वय आलं. महाराष्ट्रात बिअरला २१, कडक दारूला २५. म्हणजे ज्या वयात पोरगा गिटार हातात घेतो त्या वयात त्याला बँड बघायला आत सोडणार नाहीत. शिवाय पबवाला हिशेब करतो बिअरचा. गाणं ऐकत गप्प उभं राहणारं गिऱ्हाईक त्याला परवडत नाही. २०१६ मध्ये ब्लू फ्रॉगही बंद झालं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्याच भागातल्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबांना आग लागून १४ माणसं मेली, आणि सगळीकडचे परवाने पुन्हा तपासले जाऊ लागले.

मेटल, म्हणजे रॉकचा सगळ्यात कडक प्रकार, वाजवणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. साहिल मखिजाने २००० मध्ये 'डेमॉनिक रेझरेक्शन' काढला आणि जागा मिळत नाही म्हणून स्वतःच कार्यक्रम भरवायला, स्वतःच रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. २०१४ मध्ये हा बँड जर्मनीच्या वाकन महोत्सवात वाजवून आला. मेटलवाल्यांना वाकन म्हणजे पंढरपूरच. त्यांचा २०१७ चा अल्बम 'दशावतार' या नावाचा आहे. कोकणातले लोक फसतील म्हणून सांगतो : संकासुर नाही, मृदंग नाही, मत्स्य-कूर्म-वराह आहेत आणि डबल बास ड्रम आहे. 'भयानक मौत' याच शहरातला. 'स्क्राइब'ही इथलाच, ज्याने २०१० मध्ये 'अंदाज अपना अपना' सिनेमातल्या 'मार्क इधर है' म्हणणाऱ्या तेजावर अख्ख्या अल्बमचं नाव ठेवलं. हा माझा सगळ्यात लाडका बँड. इतक्या जोराने ओरडणारी आणि इतकी खोडकर पोरं मी दुसरी पाहिली नाहीत.

आणि मराठी? रंगभवनच्या स्टेजवर मराठी गाणं मी ऐकलं नाही. विरोधाभास असा की त्या गल्लीतली निम्मी रांग मराठी बोलायची. आता मराठी गाणंही ऐकू येतं. 'अभंग रिपोस्ट'ची पोरं तुकोबा-ज्ञानोबा गिटार आणि ड्रमवर गातात. कीर्तन ऐकलेला माणूस आधी दचकतो आणि दुसऱ्या कडव्याला टाळी धरतो. 'स्वदेशी' या रॅपवाल्यांच्या टोळीतला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. 'वारली रिव्होल्ट'मध्ये आरेचे प्रकाश भोईर त्यांच्याबरोबर आहेत, आणि विषय जंगलाचा. रॅपला कॉलम लागत नाहीत, अर्थिंग लागत नाही. बागेत गोल करून उभं राहिलं की झालं. एका अर्थाने रंगभवन नसण्यावर शोधलेला हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

माझगाव, २०२२

आय-रॉक २०१३ नंतर थांबलं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये माझगावला, बंदराच्या बाजूच्या लॉनवर ते पुन्हा भरलं. इंडस क्रीड २०१० मध्येच परत एकत्र आला होता, तो होता. कोचीचा '१३ एडी' होता, दिल्लीचा 'परिक्रमा' होता. मी तिकीट काढून गेलो, आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या बाजूला. आजूबाजूला पोटं सुटलेली, टक्कल पडलेली, काळ्या टी-शर्टातली माणसं. काहींच्या खांद्यावर पोरं, पोरांच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन. गाणी मला सगळी येत होती. गंमत म्हणजे मला ती उलट्या बाजूने येत होती : गायकाची पाठ, ड्रमरचा डावा खांदा, अ‍ॅम्पमागची धूळ.

तिथून परतताना डोंबिवलीची गाडी पकडली. माझा भाचा, म्हणजे त्या बाळंतपणात जन्मलेला, त्याच्या मित्रांबरोबर जॅमरूममध्ये तालीम करतो. तासाला चारशे रुपये, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. त्यांना स्वतःचा माइक हवा होता. मामाकडे एक जुना पडून होता, जाळीला पोचा आलेला, स्पंजाचा तुकडा अजून दोऱ्याने बांधलेला. मामाने तो फडक्याने पुसून त्याच्या हातात दिला.

"कसलं गाणं म्हणता रे?"

"आजोबा, आमचं स्वतःचंच आहे. मराठी."

मामाने मान हलवली. "म्हणा. पण ओठ लावू नका, शॉक बसतो. आधी वायर कुठून घेतलीय ते बघ."